दसऱ्याचं डावं चाक

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयाने मीच तुमच्यापेक्षा थोरला झालो आहे. गुडघे धरून उठतो, उठताना अगदी तुमच्यासारखा कण्हतो आणि माझं मलाच हसू येतं. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दसऱ्याला आईला गाडीत घालून देहूला मामाकडे निघालो आणि वाटेत चाक निखळलं, तीच गोष्ट. तुम्ही म्हणाल, त्यात सांगायचं काय उरलं, अख्ख्या चिंचवडाला ठाऊक आहे. अख्ख्या चिंचवडाला ठाऊक आहे ते खरं नाही, आबा. आणि तुम्हाला ठाऊक होतं ते खरं असलं तरी अर्धंच होतं.

गाडीपासूनच सुरू करतो, कारण तुमचा माझा अबोला तिच्यावरूनच झाला. पिंपरीत औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता आणि मला तिथे स्टोअर्समध्ये कारकुनी मिळाली होती. देहूरोडच्या छावणीतल्या एका साहेबाची बदली झाली आणि त्याची गाडी विकायला निघाली. ती त्याने देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. विलायती, शर्यतीच्या घाटाची, दोनच माणसांची. नाक लांब आणि बूड जमिनीला टेकलेलं. हिरव्या रंगाचे पोपडे निघाले होते, कापडी टप उंदरांनी खाल्ला होता, पायाखालच्या फळ्या कुजल्या होत्या. म्हणूनच ती माझ्या आवाक्यात आली. संसारी माणूस अशी गाडी घेईना, कारण तिच्यात ना पोरंबाळं मावत ना धान्याचं पोतं, आणि सडाफटिंग माणसाच्या खिशात काही नसे. माझ्या खिशात ओव्हरटाइमची थोडी साठवण होती आणि डोक्यात भूत शिरलं होतं.

ती ढकलत ढकलत दारात आणली तेव्हा तुम्ही ओसरीवर बसला होतात. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणालात, “घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आरं, आपुन घरात सा मान्सं. दोघं बसनार, बाकीच्यांनी मागनं पळायचं व्हय?” मी म्हणालो, “आबा, हौस हाय.” तुम्ही म्हणालात, “हौस न्हाई, खाज हाय ती.” त्यानंतर आठ महिने तुम्ही त्या गाडीला हात लावला नाहीत आणि माझ्याशीही कामापुरतंच बोललात. रोज सकाळी सायकल काढून तिच्या नाकाशेजारून दापोडीला कामावर जायचात, पण मान म्हणून वळवायची नाही. मला ते फार लागायचं.

मी मात्र तिला पोसत राहिलो. छावणीत तंबू शिवणारा एक शिंपी होता, त्याने तंबूच्या कापडाचा टप शिवून दिला. कारखान्यात आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या मागून आणल्या आणि पायाखाली ठोकल्या. बाकी सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारच्या रविवारी धुंडाळायचे. कधी हवा तो मिळे, कधी दुसऱ्याच गाडीचा घेऊन कानस मारून बसवावा लागे. तेल ठिबकायचं म्हणून आईने खाली जुनी परात ठेवली होती. हँडल मारून मारून माझा खांदा भरून यायचा, आणि बैलगाड्यांच्या चाकोरीत तिचं पोट घासलं की मी उतरून आधी खाली वाकून बघायचो. पेट्रोल फक्त रविवारी. एरवी तिच्यात कोंबड्या बसत. पण रविवारी मुंबई रस्त्याला लागल्यावर ती जी काही पळायची, ते सुख तुम्हाला कसं सांगावं हे मला तेव्हाही कळलं नाही.

तुमचं सगळं आयुष्य चाकांत गेलं. लढाईच्या वेळी डेपोत लॉऱ्यांची चाकं, मग दापोडीला बसची. तुम्ही आवळलेलं चाक वाटेत निखळलं असं कधी झालं नाही. ड्रायव्हर विचारायचे, “चाकं कुनाच्या हातची हायत?” आणि तुमचं नाव ऐकलं की बिनघोर घाट चढायचे. तुम्ही ही गोष्ट स्वतःहून कधी बोलला नाहीत, पण दुसरं कुणी बोललं की तुमची मान ताठ व्हायची. लॉरी आणि बसचा तुमचा एक नियम होता, तो तुम्ही मला लहानपणीच शिकवला होता: उजव्या अंगाचे नट नेहमीसारखे आवळायचे, डाव्या अंगाचे उलटे फिरवून. माझ्या गाडीचं नेमकं याच्या विरुद्ध होतं. तिच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट, त्याला दोन कान, आणि त्या कानावर हातोडा मारून तो आवळायचा. त्यात डावी बाजू सुलटी आणि उजवी उलटी. विकताना साहेबाने मला हे दोनदा बजावलं होतं. तुम्हाला सांगायचा प्रसंगच आला नव्हता, कारण तुम्ही गाडीजवळ फिरकतच नव्हतात.

आणि मग तो दसरा. खंडेनवमीला तुम्ही हत्यारं धुऊन, तेल लावून पूजेला मांडली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, आणि दसऱ्याला पूजेवरून उचललं की त्याचा पहिला ठोका घरच्याच कामावर मारायचा, अशी तुमची रीत. वर्षाचं काम त्या ठोक्यावर चालतं म्हणायचात. त्या वेळी मध्ये कुणी बोललेलं तुम्हाला खपत नसे. दरवर्षी तो ठोका बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर पडायचा. त्या वर्षी मी गाडी धुतलीय, झेंडूची माळ घातलीय, चारी चाकांना अष्टमीलाच ग्रीस भरून नट घट्ट बसवलेत. आई नवं लुगडं नेसून, मामाला द्यायचं आपट्याचं सोनं ओच्यात घेऊन तयार आहे. तुम्ही देवघरातून पितळी हातोडा घेऊन बाहेर येता, बैलगाडीपाशी थांबता, आणि मग आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या गाडीकडे वळता. पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसता. हातोडा कपाळाला लावता. ठोका मारता, आणि नट थोडा फिरतो. तुमचं तोंड असं उजळलं! “ढिला हुता, लेका! बरं झालं म्या हात लावला.” आणखी दोन ठोके मारता. मग उठून गाडीच्या नाकावर थाप मारता आणि म्हणता, “जावा आता. आईला संबाळून ने.”

देहूरोडच्या पुढे वळलो तेव्हा आधी खडखड आवाज आला, मग हातातलं चक्र थरथरू लागलं. समोर मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून मी वेग कमी केला होता; त्या मेंढरांचे उपकार मी आजवर विसरलो नाही. डावं चाक निखळलं आणि आमच्या पुढे पळत गेलं. गाडी डाव्या कुशीवर बसली, घसरत बाजरीच्या कापलेल्या रानात शिरली आणि थांबली. धुरळा खाली बसला. आईच्या डोक्यावरचा पदर सुटला नव्हता. ओच्यातलं सोनं तसंच. ती म्हणाली, “आलं का दादाचं घर?” मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो, आबा. लाज नाही वाटत सांगायला.

मामा धावत आला, गावची माणसं जमली, कुणीतरी सायकलवर तुम्हाला सांगावा धाडला. तुम्ही एका लॉरीत बसून आलात. आधी आईला नखशिखांत पाहिलंत, मग चाकाकडे गेलात. सगळ्यांसमोर मला विचारलंत, “ह्ये म्या सोता आवळलं हुतं. मग निगालं कसं?” तुमचा आवाज चढलेला नव्हता, बारीक झाला होता. मी तुमच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, “वाटेत थांबलो हुतो आबा. आवाज येत हुता म्हणून चाक काढून बघितलं. परत आवळायचं ऱ्हायलं.” तुमच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली आणि मागून राग. “चाक आवळल्याबिगर आईला गाडीत बसिवलंस? चार बुकं शिकलास आन् अक्कल कुठं गहान टाकलीस?” हात उगारलात, आणि माणसं बघत होती म्हणून तो खाली घेतलात. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मला बरं वाटत होतं. आई शेजारीच उभी होती. आम्ही वाटेत कुठेही थांबलो नव्हतो हे तिला ठाऊक होतं. तिने ओच्यातलं सोनं काढून मामाच्या हातात ठेवलं.

रात्रीची भाकरी वाढताना, तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात, ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, “थांबलो न्हवतो आपुन.” मी म्हणालो, “न्हाई.” ती म्हणाली, “त्येंची नोकरीच चाकाची हाय बाबा. जेव.” एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

निसटलेला नट रानात सापडला नाही आणि जुन्या बाजारात तसा दुसरा मिळायला दोन महिने गेले. तोवर गाडी मामाच्या गोठ्यात. नट घेऊन आलो त्या रविवारी तुम्ही म्हणालात, “हिकडं दे. तुझ्यावर भरवसा न्हाई.” माझी अडचण झाली. तुम्ही परत उलटा ठोका माराल, आणि सांगावं तर सगळंच सांगावं लागेल. तेव्हा मी नट तुमच्या हातात दिला आणि म्हणालो, “पयल्यापासून तुमच्याच हातानं बसवा.” म्हटलं, नटाचे आटेच बोलतील. तुम्ही सवयीने उलटा फिरवलात. धरेना. पुन्हा फिरवलात. मग हात थांबला. सुलटा फिरवलात आणि तो लोण्यासारखा आत गेला. तुम्ही उठलात, पलीकडच्या बाजूला जाऊन तिथला नटही पाहिलात, आणि परत येऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलात. विडी काढलीत, पेटवली नाहीत. मग म्हणालात, “तू वाटंत थांबला न्हवतास.” मी गाडीचं नाक पुसू लागलो. तुम्ही म्हणालात, “येडा हायस.”

मग मामाकडून लाल रंग मागवलात आणि चारी चाकांवर आवळायच्या दिशेचे बाण काढलेत, अगदी निगुतीने. आणि गाडीत बसलात. धोतर सावरत, गुडघे छातीशी घेऊन, पहिल्यांदाच. “चल, दापोडीपातूर.” रविवार असून मला तुमच्या कारखान्याच्या फाटकासमोरून दोनदा गाडी न्यायला लावलीत, आणि पहारेकऱ्याने सलाम ठोकल्यावर मान ताठ करून पुढे बघत बसलात. अबोला संपला तो त्या दिवशी. पुढे गाडी आपल्याकडे होती तोवर तिची चाकं तुम्हीच पाहिलीत. आईशी बोलताना तुम्ही म्हणाला होतात, “चारचौघांत माझी लाज राखली पोरानं. काळीज मोठं हाय त्याचं.” भिंतीपलीकडून मी ते ऐकलं होतं.

आता उरलेलं अर्धं सांगतो. तुम्ही पहिला ठोका मारलात तेव्हाच मी पाहिलं होतं की तो उलट्या बाजूने पडला. ‘ढिला हुता’ म्हणालात तेव्हा तो ढिला नव्हता, तुम्ही ढिला करत होतात, आणि माझ्या डोळ्यांसमोर करत होतात. बोललो नाही. तुमचा पहिला ठोका, त्यात तोंड कसं घालायचं, असं मी पुढे मनाला समजावत आलो, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. आठ महिन्यांनी तुम्ही माझ्या गाडीला शिवला होतात. म्हटलं, जरा पुढे जाऊन वळणावर थांबतो आणि नीट आवळून घेतो. वळण आलं. तिथे पारावर माणसं बसली होती, ती आईकडे बघून हात हलवत होती, आईही हसत होती. असं थांबून चाक ठोकत बसलो तर काय दिसेल, म्हटलं. पुढच्या वळणावर थांबू. मग वारा लागला आणि मी विसरलो.

म्हणजे त्या रानात तुम्ही रागावलात ते बरोबर माणसावर रागावला होतात. चूक तुमच्या हाताची नव्हती, आबा. तुमच्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलेलं होतं, दोनदा. आई त्यानंतर कितीतरी वर्षं जगली, तिने नातवंडं अंगाखांद्यावर खेळवली, हे आठवलं की आजही माझा जीव भांड्यात पडतो. आणि आज हे कागदावर उतरल्यावर छाती इतकी हलकी झाली आहे की हे आधीच का केलं नाही, असं वाटतं.

तुम्ही असतात तर हे पत्र तुमच्या हातात ठेवलं असतं, असं लिहायला हात शिवशिवतोय. पण ते खोटं होईल, आणि खोटं एकदा बोलून झालं आहे. तुम्ही समोर असतात तर मी आजही गप्प बसलो असतो. काळीज मोठं आहे असं तुम्ही आयुष्यात एकदाच म्हणालात, आणि ते मला परत द्यायचं नव्हतं.