राकेशचा ॲम्प

सोमवार, ३ नोव्हेंबर
आलो एकदाचा भिवंडीत! राहनाळच्या गोडाऊनमध्ये जॉब, आणि चालत जाता येईल अशी खोली. घरमालकीण शांताबाई भिंतीपलीकडे राहतात. जय भीम मावशी म्हटलं, तर म्हणाल्या, सुगत, जेवलास का ते आधी सांग. बेस्ट म्हणजे खोलीत त्यांच्या वारलेल्या मुलाचा, राकेशचा, स्टिरिओ आहे. आवाज साफ करणारा प्रीॲम्प आणि तो मोठा करून स्पीकरला देणारा पॉवर ॲम्प, दोन्ही त्याने स्वतः बनवलेले! वापर म्हणाल्या, पन दोघांची जोडी मोडू नको, आनि सांजच्याला चालू ठेव.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
प्रीॲम्प कसला भारी! गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पॉवर ॲम्प मात्र सारखा घूं करतो. मावशींना तीच घरघर हवी. राकेश विहारात वंदनेला साउंड लावायचा. निघायच्या आधी या खोलीत माइक चेक करायचा : आई, आवाज येतोय का? मावशी भिंतीपलीकडे गॅसपाशी. त्यांनी येतोय रं म्हटल्याशिवाय थांबायचाच नाही. घरघरीत तो अजून ऐकू येतो म्हणे. मी हसू दाबलं. अर्थिंगचा प्रॉब्लेम, दुसरं काय!

रविवार, ९ नोव्हेंबर
नवा पॉवर ॲम्प आणला! राकेशच्या प्रीॲम्पशी एकदम मॅच. घूं गायब. गोडाऊनमधला भरत ऐकायला आला, म्हणाला, भाई, मख्खन! जुना ॲम्प भंगारवाल्याला देऊन टाकला, ठेवणार कुठे. मावशींना सांगितलं, रिपेअरला दिलाय, शुक्रवारी येईल.
का बोललो असं?

गुरुवार, १३ नोव्हेंबर
मावशी संध्याकाळभर भिंतीला कान लावून बसतात. ताट तसंच. मी दिसलो की एकच, झाला का रं दुरुस्त?
उद्या, मावशी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
हाफ डे टाकून अंजूरला भंगारवाल्याकडे गेलो. ॲम्प फोडलेला. आतली तांब्याची तारसुद्धा उपसलेली.
संध्याकाळी प्रीॲम्पला ना फोन ना माइक, काहीच लावलेलं नव्हतं. तरी स्पीकरमधून, एकदम क्लीन — आई, आवाज येतोय का?
मावशींना हात धरून आणलं. स्पीकरसमोर बसवलं. तो परत परत विचारत होता. त्या माझ्याच तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, मला न्हाय येत रं.
मला येत होता.

शनिवार, १५ नोव्हेंबर
आज ओरडतोय. थांबतच नाही. शेवटी मीच म्हटलं, येतोय.
गप्प झाला.
मग — तू कोण? आई कुठंय?

रविवार
मावशी गेल्या. भिंतीपाशीच — कान टेकलेला.
खांदा मी दिला. बायका म्हणत होत्या, भाडेकरू असून पोटच्या पोरासारखं केलं. मला वर बघवेना —
प्लग काढलाय. वायरी काढल्यात. तरी —
आई, आवाज येतोय का?
येतोय रं, राकेश.
मावशी. हसतायत. बरं वाटलं मला. खरंच, जरा —
आता दोघंही गप्प.
सुगत, ॲम्प आला का रं?
परत विचारतायत. मायेनेच. उत्तर मिळाल्याशिवाय थांबायच्या नाहीत — आता भिंतीतून पण —
मावशी, तो ॲम्प मी