कोंडीबा गिरणीवाला, लेव्हल वन

२ फेब्रुवारी, रविवार
अखेर सिलेक्शन झालं. उदयसिंहने आपल्या ऑनलाइन गेममध्ये घेतलं. तो पुण्यात बसून गोष्ट सांगतो, आम्ही व्हिडिओ कॉलवर आपापलं पात्र खेळतो, फासा पडेल तसं घडतं. ड्रॅगन, जादू, सगळं. योद्धा, चोर, चेटकीण आधीच वाटून झालेले. मला गावातला गिरणीवाला. रोल छोटा आहे, चालेल ना, म्हणाला. म्हटलं, पळेल. छोट्या रोलचं सोनं करणारी माणसं वेगळीच असतात. नाव ठेवलं कोंडीबा.
शिवाय आष्ट्याला आबांची, म्हणजे वडिलांची, खरीखुरी पिठाची गिरण आहे. रिसर्च फुकट.
संकल्प: नोकरी शोधणं महिनाभर बंद. एका वेळी एकच गोष्ट, पण नीट.

५ फेब्रुवारी
सांगलीची खोली बंद करून आष्ट्याला आलो. आबांना वाटलं, मदतीला आलो. गैरसमज दूर केला नाही. त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे.
आई म्हणाली, "बरं झालं आलास. यांचा हात लटलट कापतोय अलीकडं." डॉक्टरला दाखवा, असं स्पष्ट सांगितलं. कर्तव्य केलं.

७ फेब्रुवारी
आबांची मुलाखत. गिरणीवाल्याची सगळ्यात मोठी शक्ती कोणती?
"शक्ती कसली आलीया. ती शाळवाची पाटी उचल आधी."
ज्वारीने भरलेली ती पाटी उचलली. दुपारभर आडवा होतो. कोंडीबाला ताकद अठरा दिली, वीसपैकी.
आबा दिवसभर खोकतात. नाकातोंडात पीठ. हा खोकला कोंडीबाला द्यावा का? नको. हिरो खोकत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
पहिला गेम. कोंडीबाची पाळीच आली नाही. बाकीचे सगळा वेळ खानावळीत भांडत बसले. मी त्याचं पूर्वायुष्य लिहून तयार होतो. उदयसिंह म्हणाला, पाठवून ठेव, वाचतो. म्हणजे माझी एंट्री क्लायमॅक्सला ठेवलेली दिसते.

१२ फेब्रुवारी
गिरणीचा पट्टा जुना झालाय, मधेच सुटतो. आबा मोटर चालू ठेवूनच काठीने तो परत चढवतात. तेवढा वेळ मी दाराशी मेन स्विचवर हात ठेवून उभं राहायचं, काही अडकलं तर लगेच बंद करायला. हे डेंजरस आहे म्हणालो. आबा म्हणाले, "म्हणून तर तुला हुबं केलंय." आधी आई उभी राहायची, आता तिचे गुडघे धरतात.
नवा पट्टा ऑनलाइन बघून ठेवला. रविवारचा गेम झाला की मागवतो.

१७ फेब्रुवारी, सांगली, हॉस्पिटल
कालचं नीट लिहून ठेवतो. नंतर लोक काहीही बोलतात.
गेम सुरू झाला आणि पहिल्याच फाशाला ड्रॅगनने गाव जाळलं. कोंडीबा गिरणीसकट गेला. उदयसिंह म्हणाला, गिरणीवाला मरणारच होता, तिथूनच गोष्ट सुरू होते. दोघांनी रडके इमोजी टाकले. मी माळ्यावर बसलो होतो. कॉल सोडला नाही, कारण ओवी, म्हणजे आमची चेटकीण, तिच्याकडे मेलेल्याला उठवायचा एक मंत्र होता.
तेवढ्यात खालून आबांची हाक. "धवल, पट्टा सुटलाय रं. स्विचला ये."
आलो म्हणालो. त्यांनी परत हाक मारली. परत आलो म्हणालो. म्हणजे उत्तर दिलं नाही असं नाही.
ओवी विचार करत होती. अशा वेळी उठता येत नाही.
तिने योद्ध्याचा घोडा उठवला.
मग आई ओरडली.
उजव्या हाताची चार बोटं. डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचला.
लांब बाहीचा सदरा घालू नका, असं मी त्यांना कितीदा सांगणार होतो.

२० फेब्रुवारी
तू कुठं होतास, हे आबांनी अजून विचारलेलं नाही. माझं उत्तर तयार आहे. एकदाच विचारलं, "गिरण उगडी ऱ्हायली न्हाई न्हवं?"

२३ फेब्रुवारी, रविवार
संकल्प: गिरण मी चालवणार. घरपोच पीठ, ॲप, पॅकिंग. आबांना सगळा प्लॅन सांगितला. ते खिडकीकडे बघत होते. बहुतेक विचार करत असावेत.
ग्रुपवर आजच्या गेमचे फोटो आले. सगळे मजेत. मला कुणी रिमूव्ह केलेलं नाही, ही जमेची बाजू.

२८ फेब्रुवारी
आबा घरी. गिरण शेजारचा कृष्णात चालवतो. मला विचारलंही नाही. मी म्हणालो, आबा, मी आहे की. ते म्हणाले, "तुमी कशाला तरास घेताय." मला आजवर कधी तुमी म्हणाले नव्हते. प्रमोशनच म्हणायचं.

१ मार्च
आबांना डाव्या हाताने भाकरी मोडता येत नाही. ताट समोर घेऊन नुसते बसले होते. मी जवळ गेलो, भाकरी आमटीत कुस्करली, घास पुढे केला. तोंड उघडलं नाही. मी हात तसाच धरून थांबलो. आमटी मनगटावरून कोपरापर्यंत आली.
"तुमच्या आईला हाक मारा," म्हणाले.
हाक मारली. आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून आली.