हेकटीचा उतारा

टौरंगा, मंगळवार, जुलै २००६

टौरंगा सोडून तिकडे लांब दक्षिणेला, हॉर्नबीतली फार्मसी सांभाळायला जायचं का, ते आज कळवायचंच होतं. काम संपल्यावर सोबतची कॅरन मला तिच्या घराजवळच्या तिठ्यावर घेऊन गेली. ती हेकटीला मानते. ही जुनी ग्रीक देवी, तीन वाटांची. नावावरून मला ती हेकट बायकांचीच वाटते. कॅरनने कडेला अंडं आणि लसूण ठेवलं. म्हणाली, "आता चल. मागे वळून बघायचं नाही."

मला हसू आलं. हा तर आपला उतारा. तिठ्यावर तो दिसला की आई मला हाताला धरून ओढायची, त्यावर पाय पडू नये म्हणून. आपण तिथे पीडा सोडून येतो, कॅरन वाट विचारते. पण मागे बघायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच. आणि उतारा म्हणजे विषावरचं औषधही. फार्मासिस्ट असून हे मला आज सुचावं? माझं विष कुठलं? मागे बघणं. दुसरं काय.

वळले नाही. गाडीत बसून हॉर्नबीच्या फार्मसीला फोन केला, येते म्हणून.

घरी शिरीषला सगळं सांगितलं. नवरा माझा, पक्का इंजिनिअर. म्हणाला, "तिठ्यावरून आलीस, पाय धुतलेस का?"

धुतले. नव्या घरात हेच टाकायचेत.