तुझ्या वाट्याचा एक मार्क

कटक,
मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार

प्रिय पिउसी,

तुझ्या पाया पडते. गुडघा कसा आहे? केंद्रापड्याला दिराकडे ऊन येणारी खोली मिळाली का? इथे सगळे बरे. तुझ्या पद्धतीने मी उडदाच्या डाळीच्या बड्या वाळत घातल्या होत्या. माकडांनी उचलल्या आणि दोन घरं सोडून टाकून दिल्या!

रविवारी क्लॅट झाली. कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची कटकट संपली एकदाची. पेपर बरा गेला. दोन तास सारखं वाटत होतं, तू मागे ते किल्लीचं घड्याळ घेऊन बसली आहेस आणि म्हणते आहेस, ‘वेळ मी बघते, तू पेपर बघ.’ वर्षभर प्रत्येक सराव पेपरला वेळ तूच लावलीस. चौथी शिकलेली बाई, पण एक मिनिट जास्त दिलं नाहीस. किती भांडायचे मी!

हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. तीन कागद फाडून झाले. आता लिहितेच.

जुलैमधला तो दिवस. बापांना आपल्या सख्ख्या बहिणीची, तुझी, मागची खोली भाड्याने द्यायची होती. तू म्हणालीस, ‘बावीस वर्षं राहिले, आता कुठे जाऊ? माझीच ना ती खोली?’ बापा हसून म्हणाले, ‘आपल्या वकीलबाईंनाच विचारू.’ आणि मी दीडशहाणी! क्लासमध्ये शिकवतात, दिलेला नियम खरा धरायचा, दिलेली हकीकत खरी धरायची, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. तस्संच ठोकून दिलं, ‘दुसऱ्याच्या घरात परवानगीने राहणाऱ्याचा हक्क तयार होत नाही. पिउसी बापांच्या घरात परवानगीने राहते. म्हणून हक्क नाही.’ बापांनी टाळी वाजवली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तू घड्याळाला किल्ली दिलीस, ते माझ्या टेबलावर ठेवलंस आणि चौथ्या दिवशी बसमध्ये बसलीस.

पिउसी, घर एकट्या बापांचं नाहीच. घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते. मीच भरून येते ना दरवर्षी! तरी त्या दिवशी डोक्यात आलं नाही. ऑगस्टमध्ये नाव न सांगता क्लासच्या सरांना विचारलं. ते वैतागले, ‘घर कोणाचं ते आधी विचारायचं ना बाई! बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलीला मुलाइतकाच वाटा. ती पाहुणी नाही, मालकीण आहे.’ आजोबांनी कुठे काय लिहून ठेवलंय? आजी त्यांच्याआधीच गेली, मुलं तुम्ही दोघंच. म्हणजे अर्धं घर तुझं.

आणि मी गप्प बसले. म्हटलं, आधी परीक्षा होऊ दे, घरात भांडणं झाली तर अभ्यास कसा होणार? चार महिने गप्प बसले, तेही तुझंच घड्याळ समोर ठेवून.

रविवारी पेपरात नेमका तसाच उतारा. भाऊ, बहीण, वडिलांचं घर. बहिणीला किती? ‘निम्मं’समोरचा गोल मी लगेच काळा केला. घरात जे तोंडातून फुटलं नाही, ते तिथे एका मार्कासाठी पटकन सुचलं. तुझ्या वाट्याचा मार्क मी खाल्ला. थू माझ्यावर.

पुढच्या रविवारी बापा तुझ्याकडे येणार आहेत. सोबत तुझ्या आवडीचं गोड छेनापोड असेल, साडी असेल आणि एक कागद. म्हणतील, ‘अपा, मोठी बहीण ना तू, इथे नुसती सही कर, बाकी मी बघतो.’ मी तो कागद वाचलाय. घरावरचा हक्क सोडल्याचा आहे. सही करू नकोस. साडी घे, छेनापोड खा, पण सही करू नकोस. फोन केला असता तर तू ‘जाऊ दे गं’ म्हणाली असतीस, म्हणून लिहिते. कोणी दटावलं तर हे पत्र दाखव. टपालात टाकून आले की बापांनाही मीच सांगणार आहे.

माफी मागत नाही. तू लगेच देशील.

आज तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढली. बदकाची वाटताहेत. येऊन नीट काढ. भाडेकरू जानेवारीत यायचाय, खोलीला अजून कुलूपच आहे. किल्ली या पत्रासोबत पाठवते.

तुझ्या घरात, तुझ्या परवानगीने राहणारी,
झिली