विष धुतलं होतं

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोर्टात साक्षीला उभी राहिले की मी आधी तुमच्याशी मनात बोलून घेते. आज तो विणकर आठवतो आहे. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी तुमच्या हाताखाली नवी डॉक्टर होते. हातमागावर लुगडी विणणारा, तिशीचा माणूस. सख्ख्या थोरल्या भावाला त्याने कुऱ्हाडीने मारलं, मग विहिरीवर कुऱ्हाड धुतली आणि कडब्यात लपवली. तो वेडा आहे की सोंग करतो, हे सांगायला कोर्टाने त्याला आपल्या इस्पितळात पाठवलं. मी त्याच्याशी तासभर बोलले. त्याने नाव, गाव, वार सगळं नीट सांगितलं. मी लिहून टाकलं, ‘लक्षणे बनावट.’

तुम्ही तो कागद वाचलात. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, “बाई, एका तासात तुम्ही त्याला फासापर्यंत नेऊन सोडलंत. उद्यापासून वॉर्डात स्टुलावर बसा. काही विचारायचं नाही, फक्त बघायचं.” दहा दिवस मी बसले. तो भाताचा घास पाण्यात बुडवून, चोळून, धुऊन खातो. भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी हळूच म्हणतो, “चूप राय ना गा.” माझ्याकडे लक्ष गेलं की ओशाळतो, गप्प होतो. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “सोंग करणारा दाखवतो. हा तर लपवून राहिला.”

मग त्याची आई आली. मेलेलाही तिचाच, मारणाराही तिचाच. तुमच्या टेबलाची कड धरून ती म्हणाली, “साहेब, एक लेकरू गेलं. याले पागल लिहा, पन फाशी होऊ नोका देऊ.” तुम्ही उठून तिला खुर्ची दिलीत. “माय, मले जे दिसलं तेच मी लिहीन. जास्त नाही, कमी नाही.” मला तेव्हा तुम्ही कठोर वाटलात. पण तिनेच मग सांगितलं, की भाऊ सुताच्या रंगात विष कालवतो असं तो कित्येक महिने म्हणत होता, आणि भावाने वाढलेलं ताट उकिरड्यावर टाकत होता.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, “कुऱ्हाड धुतली, लपवली. म्हणजे गुन्हा कळत होता ना?” तुम्ही म्हणालात, “रक्त नाही धुतलं त्याने. त्याच्या लेखी ते विष होतं. आईच्या हाताला लागू नये म्हणून धुतलं, म्हणूनच कुऱ्हाड लपवली.” “त्या क्षणी त्याचं मन तुम्ही पाहिलं होतं?” “नाही. मी त्याला वीस दिवसांनी पाहिलं. आधीचं आईकडून आणि शेजाऱ्यांकडून ऐकलं. तेवढंच सांगू शकतो.” मग वकिलांनी इस्पितळाच्या फाइलमधला माझा पहिला कागद वर धरला. “तुमच्याच इस्पितळाने बनावट लिहिलंय!” मी दुसऱ्या बाकावर होते. तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. “माझ्या विभागाचा कागद आहे. चूक माझी.”

फाशी टळली. तो आपल्याकडेच ठेवला गेला. औषधांनी हळूहळू आवाज थांबले, आणि एका सकाळी त्याने तुम्हाला विचारलं, “साहेब, माहा भाऊ भेटाले काहून येत नाही?” त्या दिवशी तुम्ही राउंड घेतला नाहीत. त्याला खरं ते सांगितलंत आणि अंगणातल्या बाकावर दुपारपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिलात. तो रडत होता, तुम्ही बोलत नव्हता. असं बसणं मला अजूनही नीट जमत नाही.

तुम्ही आजारी होता तेव्हा मी तुमच्या प्रताप नगरच्या घरी आले होते, आठवतं? कोर्टातल्या त्या दिवसाबद्दल माफी मागायलाच आले होते. काकूंनी चहा दिला. मी माझ्या बदलीबद्दल बोलले, उन्हाबद्दल बोलले, आणि कप ठेवून निघून गेले.