कागद कोरा निघतो आहे

ती. साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (शिर वाकलं, बाकीच्या सात अंगांनी कंबरेकडे बोट दाखवलं.) पत्राला उशीर झाला, फारच झाला, तेवढं पोटात घाला. पहिलं पत्र लिहून कोटाच्या खिशात ठेवलं, तर कोटच धुवायला गेला. दुसरं आमच्या हिने वाचलं आणि म्हणाली, यात नुसता तुमचा खोकला आहे, त्यांच्यासाठी काय आहे? खरं सांगायचं तर तुम्हाला पत्र लिहायची सवयच नाही. आपण दोन गल्ल्यांवर राहणारी माणसं. खिडकीतून हाक मारली की काम भागायचं. फोन करावा तर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांपलीकडे जात नाही, आणि मागून तुमची लेक मोठ्याने सांगते, “काका, बाबा मजेत आहेत!” मजेत असलेला माणूस स्वतः सांगतो, असा माझा अनुभव.

तर तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? रात्री उठताना दिवा लावता ना? लेकीच्या घरातली फरशी गुळगुळीत आहे असं ऐकतो. ती ओली असेल तर भिंत धरून चाला, भिंत नसेल तर चालूच नका. गच्चीचा कठडा किती उंच आहे तेही कळवा. आमच्या हिच्या आक्का असत्या तर हे सगळं त्यांनी पाहिलं असतं आणि मला झोप लागली असती. त्या गेल्या, पाठोपाठ तुम्ही लेकीकडे गेलात, आणि काळजी करायचं सगळं काम माझ्या एकट्यावर येऊन पडलं.

इकडे आमचं बरं चाललं आहे असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? रायफल बिघडली आहे. आपली जुनी बावीस बोअरची, जिच्यासाठी आपण दोघांनी आठवड्याची सुट्टी कधी चुकवली नाही, ती तुम्ही गेल्यापासून नीट चालत नाही. तुम्हाला नेमबाजी क्लबाचा नियम ठाऊकच आहे की तिथे एकट्याला गोळ्या झाडायचा पट्टा मिळत नाही. एकाने नेम धरायचा, दुसऱ्याने शेजारी बसून दुर्बिणीतून बघायचं आणि गोळी कुठे लागली ते ओरडून सांगायचं (कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या, त्यामुळे ओरडल्याशिवाय भागत नाही), मग अदलाबदल. कागद वाया जाऊ नये म्हणून आपण दोघं एकाच कागदावर मारायचो. तुमचं ते “काळ्यात, साडू, काळ्यात!” अजून माझ्या कानात आहे. माझ्या पाळीला दुर्बिणीत मला सगळं धुरकट दिसायचं, म्हणून मी अंदाजानेच ओरडायचो. मग तुम्ही पलीकडच्या मातीच्या बांधावरून कागद काढून आणायचात आणि शिवणकामाच्या सवयीने त्यावर बोट फिरवत दाखवायचात, ही मधली भोकं तुमची, साडू, ही कडेला भरकटलेली माझी, आज हात थरथरला. मग तुमच्याकडे चहा पिताना मी तुम्हाला श्वास कसा रोखायचा ते समजावून सांगायचो आणि तुम्ही मान डोलवायचात.

तुमच्या जागी चिटणिसांनी मला तात्पुरता जोडीदार म्हणून एक दातांचे डॉक्टर दिले आहेत. माणूस सज्जन आहे, पण दाढ काढताना जेवढं बोलावं तेवढंच बोलतो. पहिल्या दिवशी मी अगदी आरामात नेम धरला, चाप अलगद दाबला आणि विचारलं, कुठे? म्हणाले, “बाहेर.” काळ्या गोलाच्या? “कागदाच्या.” असं प्रत्येक गोळीला. शेवटी बांधाशी जाऊन पाहिलं तर कागद कोरा! इतका कोरा की घडी घालून पुन्हा दुकानात ठेवता आला असता. डॉक्टर म्हणाले, “बांधाला मात्र बरोबर लागल्या आहेत.” साडूभाऊ, हा माणूस लोकांच्या तोंडात आरसा घालून हिंडतो, त्याला दुसऱ्याच्या मनाची काय कदर!

मी तर हबकलोच. छत्र्या दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा, तेव्हा दोष काडीत, दांडीत की स्प्रिंगमध्ये हे शोधायची खोड आहे. नळी साफ केली. काडतुसं बदलली. (बावीसच्या रायफलीचं हे एक नखरेल लक्षण तुम्हीच मला सांगितलं होतं, की प्रत्येक नळीला आपापलं काडतूस मानवतं, शेजारणीचं चालत नाही, म्हणून निरनिराळ्या डब्या आणून, कागदावर भोकं कुठल्या डबीची जवळजवळ पडतात ते बघायचं. मी बघितलं. पण बघायला कागदावर भोक तर पडायला हवं!) शेवटी क्लबाच्या उस्तादांना म्हटलं, हिची नळी म्हातारी झाली. उस्ताद पालथे पडले आणि माझीच रायफल, माझीच काडतुसं घेऊन त्यांनी जी भोकं पाडली, ती शर्टाच्या एका बटणाखाली झाकली असती. उठून गुडघे झटकले आणि म्हणाले, “काका, रायफल तरुण आहे.” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मोठ्या मनाचा माणूस.

तरीही माझं मत असं पडलं की रायफल बिघडलेलीच आहे, फक्त ती उस्तादांना घाबरते. तेव्हा नवी घ्यायची ठरवली. आमच्या हिला घेऊन बंदुकांच्या दुकानात गेलो. तिथली बाई चष्म्याला साखळी लावून बसते आणि गिऱ्हाइकाला आधी प्रश्न विचारते, माल मागून दाखवते. विचारलं, कशासाठी हवी? म्हटलं, कागदाला भोकं पाडायला, दुसरं काही नाही. कुणा जिवाला मारायचं वय होतं तेव्हाही मारलं नाही. मग तिने एक काढली, जी एकदा चाप दाबला की पुढची गोळी आपोआप आत घेते. छान होती, हलकी होती, पण मी नको म्हटलं. का? अहो, गोळी झाडायची, मग बोल्टची कडी उघडून काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर काढायची, दुसरं काडतूस बोटाने आत सरकवायचं, बोल्ट लावायचा, एवढ्या वेळात तर आपलं बोलणं व्हायचं. पाण्याचा नळ, तुमच्या दुकानातला आखूड झालेला कोट, हिची आणि आक्कांची रुसवाफुगवी, सगळं त्या मधल्या वेळात मिटायचं. रायफलच जर एकामागून एक उडवत सुटली, तर माणसांनी बोलायचं कधी? बाई म्हणाली, तुम्हाला एकेक गोळीची बोल्टवाली हवी. मी म्हटलं, आता कसं बोललात!

मग मापं. तुम्ही असता तर खूश झाला असता, कारण कोटासारखंच माप घेतात, कोपरापासून बोटापर्यंत, म्हणजे दस्ता खांद्याला लावला की बोट न ताणता चापापर्यंत पोचतं की नाही ते कळतं. दस्ता लांब झाला तर मान ताणावी लागते, आखूड झाला तर अंगठा नाकात जातो. (हे बाईने सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं नाही, नाकावरून लक्षात ठेवलं.) माझं माप झालं आणि इथेच कुठेतरी घोटाळा झाला. बाईचा म्हणा, माझा म्हणा, ग्रहांचा म्हणा. कारण जी रायफल घेऊन मी क्लबात आलो, तिचा दस्ता माझ्या हाताला चांगला तीन-चार बोटं लांब आहे, गाल टेकायचा उंचवटा भलत्याच बाजूला आहे, आणि बोल्ट, साडूभाऊ, बोल्ट डावीकडे आहे!

नवलाची गोष्ट अशी की जी बाई मला भाजी घेताना देठापर्यंत सूचना करते, ती आमची ही त्या दुकानात पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसून होती. परत येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, “डाव्या बाजूने आहे ती.” मी म्हटलं, हो का? बघू तरी. मग ती खिडकीबाहेर बघत बराच वेळ चष्मा पुसत बसली. चष्म्याला काही झालं नव्हतं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. रायफल उजव्या खांद्याला लावून, उजवा हात तिच्यावरून पलीकडे टाकून बोल्ट ओढायचा म्हणजे एखाद्याने पाठीमागून स्वतःच्या शर्टाची बटणं लावावीत तसं. प्रत्येक गोळीला गाल उचलायचा, खांदा सोडायचा, पुन्हा सगळं जुळवायचं. त्यातच तिसऱ्या की चौथ्या वेळी बोल्ट ओढला तर तापलेली पितळी पुंगळी उडून सरळ माझ्या कॉलरमध्ये. ओरडलो, पाय झाडले, एक चप्पल शेजारच्या पट्ट्यावर गेली, पण नळी बांधाकडेच ठेवली, हे मुद्दाम लिहितो. तुमची शिकवण वाया गेलेली नाही. दातांच्या डॉक्टरांनी पुंगळी चिमट्यासारखी दोन बोटांनी माझ्या मानेतून काढली आणि म्हणाले, “काका, नळी तेवढी जागेवर ठेवलीत, बाकी सगळं सोडलंत.” हसले पण. पहिल्यांदाच हसताना पाहिलं. स्वतःचे दात काही खास नाहीत.

तेव्हा मानेला मलम लावून घेताना माझ्या डोक्यात आलं की तुम्ही हे सगळं इतकी वर्षं उलट्या बाजूने करत होतात. जन्माचे डावखुरे, कात्रीसुद्धा मुद्दाम घडवून घेतलेली (दुकानात दुसऱ्या कोणी ती हातात घेतली की कापडाऐवजी बोट कापायचं), पण रायफल उजव्याची, कारण ती आपल्या दोघांत एक आणि मी उजवा. तुमच्या कॉलरमध्ये किती पुंगळ्या गेल्या असतील? तुम्ही नुसतं “ही दुनिया उजव्यांची आहे, साडू,” म्हणून पुटपुटायचात आणि मी म्हणायचो, उगाच कुरकुर करू नका, नळीवरची माशी हलली असेल. ते पुटपुटणं ऐकून फार दिवस झाले. डॉक्टर उजवे आहेत आणि मुळीच पुटपुटत नाहीत.

दुकानाची बाई रायफल बदलून द्यायला तयार आहे. चिटणीससुद्धा म्हणतात, बदला. शिवाय त्यांनी हेही सांगून ठेवलं आहे की हिवाळा संपला की जोड्या कायमच्या लावणार. तोपर्यंत तुमच्याकडून काही कळलं नाही तर आपला कडेचा पट्टा, चिंचेकडचा, मी आणि दातांचे डॉक्टर यांच्या नावावर लागेल. तेव्हा मोठे या नात्याने तुमचा सल्ला हवा आहे. रायफल बदलू की ठेवू? बस्स, एवढ्यासाठीच हे पत्र.

लेकीला आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार आणि कठड्याची आठवण. आमची ही तुम्हाला नमस्कार सांगते. तुम्ही गेल्यापासून ती चहाला एक कप जास्त आधण ठेवते आणि मग माझ्यावर चिडते.

आपला,
धाकटा साडू

ता. क. बाईची चूक नव्हती. तिने माझं माप बरोबर घेतलं होतं. मीच म्हटलं, हे माप नको, गिऱ्हाईक माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, हात लांब आहेत, आणि डावखुरं आहे. तिने विचारलं, ते स्वतः का नाही आले? मी म्हटलं, येतील.

ता. क. दुसरा. त्या कागदांचंही माझ्या लक्षात आलं आहे. उस्तादांनी वाक्य गिळलं तेव्हाच आलं. मधली सगळी भोकं तुमची होती. माझ्या गोळ्या इतकी वर्षं बांधात जात होत्या, आणि तुम्ही, आडवा हात टाकून, मानेत पुंगळ्या झेलून, मधोमध मारायचात आणि माझ्या नावावर लावायचात. वर माझ्याकडून श्वास रोखायला शिकायचात! आक्का चहा देताना का हसायच्या ते आत्ता कळलं. मी रागावलेलो नाही. मला सुधारायचंही नाही. खरं सांगणारा माणूस मला मिळालेला आहे, दर सुट्टीला सांगतो, आणि त्याने जीव नकोसा झाला आहे. तुम्ही या, आणि पूर्वीसारखं खोटं बोला.

ता. क. तिसरा. नव्या रायफलीला कुठलं काडतूस मानवतं ते मी बघितलेलं नाही. ते ज्याची रायफल त्याने बघायचं असतं. डब्या आणून क्लबाच्या कपाटात ठेवल्या आहेत. लेक नको म्हणाली तर फोन तिच्याकडे द्या, आमची ही बघून घेईल. तुमच्यासाठी आमच्याकडची खोली झाडून ठेवली आहे, फरशी खडबडीत आहे. उत्तर मात्र लगेच पाठवा, हिवाळा संपत आला. दोन ओळी पुरे. डाव्या हाताने लिहिताना तुमची शाई फासते आणि निम्मी अक्षरं तळव्यालाच चिकटून राहतात, हे मला ठाऊक आहे. नुसता डाग आला तरी वाचीन.