देवीच्या कमानीपाशी बंद पडणारी गाडी

९ जानेवारी २०२५

आज पुन्हा देवीच्या कमानीपाशी गाडी बंद. बायको, दैवशाला, गाडी शिकतेय, मी शेजारी. गतिरोधकावर तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि इंजिन गपकन थांबलं. मागून टमटमवाला ओरडला, "काकी, चूल पेटवताय व्हय?" तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, देवी बोलावतेय, चल. दर्शन घेऊन आलो तर एका झटक्यात सुरू! नेहमी असंच.

घरी आल्यावर म्हणाली, "देवीला रोज आपल्याशीच काय काम असतंय हो?"

१२ जानेवारी

एकवीस तारखेला धाराशिवला तिच्या लायसनची ट्रायल. पंचेचाळिशीत हा हट्ट कशासाठी, सांगत नाही. आज तर म्हणाली, "जाऊ द्या. माझ्याच पायाला क्लच जमत न्हाय." मलाही तसंच वाटत होतं.

१३ जानेवारी

एकटाच कमानीखालून मुद्दाम हळू गेलो. माझ्याही पायाखाली बंद! देवळात गेलो नाही, गाडीतच बसून राहिलो. इंजिन गार झालं, गाडी सुरू. म्हणजे तिचा पाय नाही, आणि दर्शनाचाही संबंध नाही. देवी क्षमा करो.

१४ जानेवारी

संक्रांत. गॅरेजवाल्या गोरोबा मेस्त्रीला तिळगूळ दिला, सोबत गाडीही दिली दुरुस्तीला.

१६ जानेवारी

प्लग बदलले, फरक शून्य. गोरोबा म्हणतो, "अण्णा, वहिनींचा पायच जड हाय." मी म्हटलं, मग माझाही जडच धर. तेव्हा हसला आणि नीट बघायला लागला.

पाय काढला की हवेची मोठी झडप मिटते. मग इंजिनाला जगण्यापुरती हवा एक छोटा व्हॉल्व देतो. मी पाय जरासा टेकवून इंजिन चालू ठेवलं, त्यानं व्हॉल्वची वायर काढली. चांगला असता तर आवाज बदलला असता. काहीच नाही. पेचकसाच्या मुठीनं हलकेच ठोकलं — इंजिन उसळलं, पुन्हा मरगळलं. आत अडकत होता! खोलला तर नुसती काजळी. धुऊनही दांडी मोकळी होईना. नवा मागवला.

डोक्यात तेच घोळतंय. पळताना नाही, जागेवर थांबल्यावरच इंजिनाला सांभाळावं लागतं. सकाळी जपाला बसतो तेव्हा मी तरी किती वेळा बंद पडतो.

१९ जानेवारी

नवा व्हॉल्व बसला. कमानीपाशी तिनं पाय काढला, इंजिन गुणगुणत राहिलं. मुद्दाम पुन्हा थांबवून बघितली. मग म्हणाली, "आज बोलावलं न्हाय, तरी जाऊ की दर्शनाला." गेलो.

२१ जानेवारी

ट्रायल पास! किल्ली माझ्याकडे दिलीच नाही. गाडी नेली ती थेट डोळ्यांच्या दवाखान्यापुढं. नंबर माझ्या नावानं, आधीच लावलेला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवायची नाही. तुला कसं कळलं, मी तिला विचारलं.

"दिवाळीपासून बघतेय. अंधार पडला की समोरचा ट्रॅक्टर तुम्हाला जवळ आल्यावरच दिसतोय. नुसतं सांगून तुम्ही थांबला असता व्हय? म्हणून आधी गाडी शिकले."